कुन्नूरची एक खोली आणि रोजच्या ताटाचे शास्त्र

निलगिरीच्या डोंगरात वसलेल्या कुन्नूर येथील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये १९१८ साली एका खोलीत एक लहानसे संशोधन केंद्र सुरू झाले. त्याचे काम एकाच रोगाचा शोध घेण्याचे होते. रोगाचे नाव बेरीबेरी, आणि केंद्राचे प्रमुख होते इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर रॉबर्ट मॅकॅरिसन. हे केंद्र वाढत गेले. १९२८ मध्ये त्याची ‘न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीज’ झाली, १९५८ मध्ये ती हैदराबादला हलली आणि सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, १९६९ मध्ये, तिला ‘राष्ट्रीय पोषण संस्था’ हे आजचे नाव मिळाले. भारतातील आहारशास्त्राचा इतिहास बऱ्याच अंशी या एका खोलीच्या विस्ताराचा इतिहास आहे.

या शतकभरात तेथील शास्त्रज्ञांपुढे एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येत राहिला: रोजच्या, साध्या आणि परवडणाऱ्या अन्नातून आरोग्य कसे राखावे? त्याची उत्तरे बहुतेक वेळा तांदूळ, डाळ, पालेभाजी, दूध अशा घरातल्याच पदार्थांत सापडली. मात्र प्रत्येक उत्तरामागोमाग दुसरा, अधिक अवघड प्रश्न उभा राहिला. काय खावे हे समजले, तरी ते निवडण्याची मुभा कोणाला आहे?

गिरणीतून आलेला रोग

बेरीबेरीत पाय बधिर होतात, स्नायू दुबळे पडतात, काहींच्या अंगावर सूज येते आणि अखेरीस हृदय थकते. आईच्या आहारात उणीव असेल, तर अंगावर पिणारे तान्हे मूलही दगावू शकते. हा रोग जंतूंमुळे होत असावा, असे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मानले जात असे. डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमान यांनी १८९० च्या दशकात जावामध्ये कोंबड्यांवर काम करताना पाहिले की, पॉलिश केलेल्या तांदळाचा भात खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि तांदळाचा कोंडा दिला की बऱ्या होतात. कोंड्यातील ते रक्षक द्रव्य म्हणजे थायमिन, अर्थात ब-१ जीवनसत्त्व, हे पुढे सिद्ध झाले. या कामासाठी आइकमान यांना १९२९ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

भारतात या शोधाला एक विशेष संदर्भ होता. बेरीबेरी देशभर पसरलेली नव्हती. तिचे मुख्य ठाणे तत्कालीन मद्रास इलाख्याच्या उत्तर किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या आंध्रच्या किनारी जिल्ह्यांत होते. भात तर दक्षिणेत सर्वत्र खाल्ला जात असे; मग रोग याच पट्ट्यात का? याचे उत्तर तांदूळ तयार करण्याच्या पद्धतीत होते. या पट्ट्यातील लोक कच्च्या भातापासून गिरणीत सडलेला पांढरा तांदूळ खात. इतर अनेक भागांत मात्र भात साळीसकट भिजवून, वाफवून, वाळवून मग सडण्याची रीत होती. कोकणात आणि गोव्यात ज्याला उकडा तांदूळ म्हणतात, तो हाच.

भात साळीत असतानाच उकडला की बाहेरच्या थरातील थायमिन पाण्याबरोबर दाण्याच्या आतल्या भागात उतरते आणि दाण्यातील पिष्ट घट्ट होऊन ते आत धरून ठेवते. त्यानंतर गिरणीने कोंडा काढला तरी बराचसा थायमिन वाचतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या १९७१ च्या कोष्टकात याचा हिशेब स्पष्ट दिसतो. गिरणीत सडलेल्या कच्च्या तांदळात दर १०० ग्रॅममागे सुमारे ०.०६ मिलिग्रॅम थायमिन असते. गिरणीत सडलेल्या उकड्या तांदळात आणि हातसडीच्या कच्च्या तांदळात ते सुमारे ०.२१ मिलिग्रॅम असते. पीक एकच, दाणा एकच; फरक केवळ प्रक्रियेचा. त्यात तांदूळ अनेकदा धुणे आणि भात वेळून त्याचे पाणी टाकून देणे या सवयींची भर पडली, तर उरलेसुरले जीवनसत्त्वही मोरीत जाते.

कांडणाचे कष्ट वाचवणारी गिरणी ही स्त्रियांसाठी मोठी सोय होती. पांढरा तांदूळ दिसायला सुंदर, शिजायला सोपा आणि साठवायला टिकाऊ होता. रोग अज्ञानातून आला असे म्हणणे म्हणूनच अपुरे ठरेल. तो एका सोयीच्या पोटातून आला, आणि त्या सोयीची किंमत त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हती.

उंदरांपुढे वाढलेली सात ताटे

मॅकॅरिसन यांनी बेरीबेरीपलीकडे जाऊन संपूर्ण आहाराचा विचार केला. त्यांचा सर्वांत गाजलेला प्रयोग पांढऱ्या उंदरांवरचा आहे. हिंदुस्थानातील निरनिराळ्या समाजांच्या रोजच्या जेवणाच्या धर्तीवर त्यांनी उंदरांचे गट वाढवले. त्यांत शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी असे सात आहार होते. गव्हाच्या अख्ख्या पिठाची पोळी, दूध, लोणी, डाळी, ताज्या भाज्या आणि कधीतरी मांस असा शीख आहार घेणारे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले. सडलेल्या तांदळावर भर असलेला आणि दूध-भाज्यांत तोकडा असा मद्रासी आहार घेणारे सर्वांत खुजे राहिले.

या प्रयोगाचे मोल मोठे आहे. एखाद्या जादुई पदार्थापेक्षा संपूर्ण ताटाची घडण आरोग्य ठरवते, ही गोष्ट त्याने ठसवली. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र त्या काळाच्या चष्म्यातून काढलेला होता. ब्रिटिश राजवट हिंदी लोकांची ‘लढाऊ’ आणि ‘बिगरलढाऊ’ अशी विभागणी करत असे. उंदरांची वजने या विभागणीला शास्त्राचा आधार देत आहेत, असे वाटणे तेव्हा सोपे होते. प्रत्यक्षात शीख आहार म्हणजे कालव्याच्या पाण्यावर गहू पिकवणाऱ्या, घरी गाई-म्हशी बाळगणाऱ्या जमीनदार शेतकऱ्याचा आहार होता. पंजाबातील भूमिहीन मजुराला ते दूध-लोणी मिळत होते काय, हा प्रश्न प्रयोगाच्या आराखड्यात नव्हता. समाजाच्या नावाने मांडलेली ताटे बऱ्याच अंशी ऐपतीची ताटे होती.

बाजारभाव आणि कोष्टके

मॅकॅरिसन १९३५ मध्ये निवृत्त झाले आणि वॉलेस एक्रॉइड संचालक झाले. त्यांनी याआधी न्यूफाउंडलंडमध्ये बेरीबेरीचा अभ्यास केला होता आणि राष्ट्रसंघात सार्वजनिक पोषणावर काम केले होते. कुन्नूरला त्यांनी हाती घेतलेले काम वरवर नीरस वाटावे असे होते. देशातील शेकडो धान्ये, डाळी, भाज्या, फळे, मासे यांचे रासायनिक पृथक्करण करून प्रत्येकातील उष्मांक, प्रथिने, खनिजे आणि जीवनसत्त्वे मोजायची आणि कोष्टकात मांडायची. १९३७ मध्ये ‘हेल्थ बुलेटिन क्रमांक २३’ म्हणून ती पुस्तिका प्रसिद्ध झाली. तिच्या नावात भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्याबरोबरच समाधानकारक आहाराच्या आखणीचाही उल्लेख होता.

या दुसऱ्या भागात पुस्तिकेचे वेगळेपण आहे. युरोपातील कोष्टकांत राजगिऱ्याचा पाला, शेवग्याची पाने, नाचणी, कुळीथ यांना जागा नव्हती. वसतिगृह, तुरुंग, शाळा किंवा घर चालवणाऱ्याला स्थानिक बाजारातील जिन्नस वापरून, पैशाचा अंदाज घेऊन आहार आखता यावा, यासाठी ही पुस्तिका होती. स्वस्त पालेभाज्यांत ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा आहे आणि नाचणीत दर १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, अशा गोष्टी परंपरेने वापरात होत्या; आता त्यांना आकड्यांचा आधार मिळाला.

एक्रॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वसतिगृहांतील मुलांच्या नेहमीच्या भाताच्या जेवणाला साय काढलेल्या दुधाच्या भुकटीची जोड देऊन पाहिली. मुलांची उंची आणि वजन, दोन्ही अधिक वेगाने वाढले. ताट पूर्ण बदलण्याची गरज नव्हती. त्यातली उणीव नेमकी ओळखून थोडी भर घालणे पुरेसे होते.

याच सुमारास महात्मा गांधींनी वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन केला होता. १९३४ च्या अखेरीस सुरू झालेल्या या संघाच्या कार्यक्रमात हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, गूळ आणि कच्च्या पालेभाज्या यांना मोठे स्थान होते. गांधींचा हेतू दुहेरी होता. आरोग्य तर हवेच, शिवाय गिरणीने हिरावलेली मजुरी खेड्यात परत यावी. कुन्नूरची प्रयोगशाळा आणि मगनवाडीचे उखळ यांच्या वाटा वेगळ्या होत्या, पण पांढऱ्या तांदळाविषयी दोघांचे म्हणणे जुळत होते.

कोष्टकांची मर्यादाही लवकरच दिसली. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि लाखो माणसे मेली. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगावर एक्रॉइड सदस्य होते. संतुलित आहाराची आखणी करणाऱ्या शास्त्रज्ञाला, तांदळाच्या किमती हाताबाहेर गेल्यावर कोणत्याच आखणीला अर्थ उरत नाही, हे तेथे जवळून पाहावे लागले.

प्रथिनांचा वाद

स्वातंत्र्याच्या सुमारास प्रयोगशाळेची सूत्रे डॉ. व्ही. एन. पटवर्धन यांच्याकडे आली. संस्था हैदराबादला गेली ती त्यांच्याच कारकिर्दीत. त्यांच्यानंतर १९६० च्या दशकात डॉ. सी. गोपालन यांचे युग सुरू झाले. तेव्हा जगभर एका शब्दाचा दबदबा होता: प्रथिने. गरीब देशांतील मुले प्रथिनांच्या अभावाने खुरटतात, असे आंतरराष्ट्रीय संस्थांचे मत होते. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने तर येऊ घातलेल्या ‘प्रथिनसंकटा’चा इशारा दिला. माशांचे प्रथिनयुक्त पीठ, सूक्ष्मजीवांपासून काढलेली प्रथिने, लायसीन मिसळलेला पाव अशा उपायांवर पैसा आणि बुद्धी खर्च होऊ लागली.

हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी गरीब घरांतील मुलांच्या खाण्याची मोजदाद केली, तेव्हा चित्र वेगळे दिसले. ही मुले जे धान्य आणि डाळ खात होती, त्यांत प्रथिनांचे प्रमाण वाईट नव्हते. एकूण अन्नच कमी पडत होते. उष्मांक अपुरे असले की शरीर खाल्लेली प्रथिनेही इंधन म्हणून जाळते. पोटभर मिळाले, तर धान्य आणि डाळीच्या साध्या जेवणातून बहुतेक मुलांची प्रथिनांची गरज भागत होती. धान्यात लायसीन कमी आणि डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनीन कमी आणि धान्यात पुरेसे. वरण-भात, भाकरी-पिठले, खिचडी या जोड्यांत एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीही आकडेवारीच्या मार्गाने हाच मुद्दा मांडला. अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे ते प्रमुख राहिले होते. प्रथिनांची टंचाई ही बहुतांशी एकूण अन्नाच्या टंचाईची सावली आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जागतिक मतही या दिशेने वळले. हैदराबादने सुचवलेला उपाय अगदी घरगुती होता: भाजलेला गहू, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि गूळ यांचे मिश्रण. पुढे ते ‘हैदराबाद मिक्स’ म्हणून ओळखले गेले.

परंपरेलाही परीक्षा

या इतिहासातून जुने ते सारे चांगले, असा अर्थ काढला तर तो चुकेल. त्याच प्रयोगशाळेने परंपरागत अन्नातील धोकेही दाखवून दिले. तेलंगणात ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांत पेलाग्रा हा त्वचेचा आणि मेंदूचा विकार आढळत असे. ज्वारीतील ल्युसीन या अमिनो आम्लाच्या अतिरेकाशी त्याचा संबंध असावा, असे गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडले. त्यावर पुढे बराच वाद झाला. ज्वारी हेच एकमेव अन्न झाले की धोका वाढतो, हा व्यवहारातील धडा मात्र टिकून राहिला.

लाखेच्या, म्हणजेच लाखोळीच्या डाळीचे उदाहरण याहून कठोर आहे. पाऊस दगा देतो तेव्हाही हे पीक तग धरते. थोड्या प्रमाणात ही डाळ खाल्ली जाते. पण काही महिने आहाराचा मोठा भाग तीच राहिली, तर तिच्यातील विषारी द्रव्यामुळे पायांना कायमचा लकवा येऊ शकतो. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिल्यास विषाचे प्रमाण घटते, हे हैदराबादच्या संशोधनातून पुढे आले. तरीही मध्य प्रदेशातील रेवा भागात माणसे पंगू होत राहिली, कारण तेथे बांधील शेतमजुरांना मजुरी म्हणून हीच डाळ दिली जात असे. धोका ठाऊक असलेल्या मजुरासमोरही दुसरे धान्य नव्हते. अशा ठिकाणी आहारशास्त्राची सीमा संपून मजुरीच्या कायद्याची सुरू होते.

औषधाचा डोस आणि पालेभाजी यांच्या संदर्भातही हाच पेच दिसतो. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने मुलांना रातांधळेपणा आणि कायमचे अंधत्व येत असे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कामाच्या आधारे १९७० मध्ये लहान मुलांना दर सहा महिन्यांनी या जीवनसत्त्वाचा मोठा डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा संस्थेचे संचालक गोपालनच होते. पुढील काळात त्यांनीच आग्रहाने सांगितले की डोस हा तात्पुरता उपाय आहे. कायमचे उत्तर पालेभाज्या, फळे आणि दूध यांतच शोधले पाहिजे.

आजचे ताट

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने २०१३ पासून कोट्यवधी लोकांना दरमहा माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला. भूक हटवण्यातले त्याचे काम मोलाचे आहे. पण शिधावाटपातून मुख्यतः तांदूळ आणि गहू मिळतात. डाळ, भाजी आणि दूध बाजारभावाने घ्यावे लागतात. परिणामी आज एकाच देशात, कधी एकाच घरात, दोन टोके दिसतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वर्षे वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज दिला. पोट भरते आहे, पण ताट अजून एकाच धान्याने व्यापलेले आहे.

शास्त्राची बाजू दरम्यान पक्की होत गेली आहे. एक्रॉइड यांच्या पुस्तिकेचा वारसा सांगणारी २०१७ ची भारतीय अन्नघटक कोष्टके ५२८ पदार्थांतील १५१ घटकांची नोंद देतात. मे २०२४ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी १७ आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार चुकीच्या आहाराशी निगडित असल्याचा अंदाज त्यांत आहे. या तत्त्वांनुसार एकूण उष्मांकांपैकी धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांच्या आत असावा आणि ताटाचा निम्मा भाग भाज्या, पालेभाज्या, कंदमुळे आणि फळे यांनी भरावा. शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या भुकट्या घेऊ नयेत, असाही सल्ला त्यांत आहे. पन्नास वर्षांपूर्वीचा प्रथिनवाद ठाऊक असणाऱ्याला त्याचे आश्चर्य वाटणार नाही.

दुसरीकडे, लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळलेला तांदूळ शासकीय योजनांतून देण्याची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ रोजी झाली आणि त्यानंतर तो देशभर वाटला गेला. हा उपाय मोठ्या लोकसंख्येपर्यंत लवकर पोहोचतो, हे त्याचे बळ. मात्र दाणा सडून त्यातील बरेच काही काढायचे आणि नंतर कारखान्यात काही घटक परत भरायचे, यात शंभर वर्षांपूर्वीच्या गिरणीची आठवण आहे. हा पूरक उपाय म्हणून वापरायचा की पूर्ण उत्तर मानायचे, हे धोरणकर्त्यांनी ठरवायचे आहे.

ज्याच्या हातात निवड आहे, त्याला या इतिहासाने दिलेले सूत्र अवघड नाही. कमी सडलेले किंवा उकडे धान्य घ्यावे, आठवडाभर एकाच धान्यावर विसंबू नये, धान्याला डाळीची जोड द्यावी, रोज पालेभाजी आणि ऐपतीप्रमाणे दूध, अंडे किंवा मासे घ्यावेत, आणि शिजवताना पाणी ओतून देऊ नये. यातला एकही पदार्थ परदेशातून आणावा लागत नाही. ज्याच्या हातात निवड नाही, त्याचे ताट मात्र शिधावाटप दुकान, शाळेचे मध्यान्ह भोजन, अंगणवाडी आणि रोजची मजुरी ठरवते. तेथे डाळ, भरड धान्य, अंडे आणि पालेभाजी पोहोचेपर्यंत १९१८ साली कुन्नूरच्या खोलीत सुरू झालेले काम अपुरेच राहील.